याचा भोपळा कुठाय?

दिवाळीचा बोनस हातात आला की माणसाला जे जे सुचतं त्यातलं सगळ्यात बिनकामाचं मला सुचलं, गाडीत सबवूफर, म्हणजे नुसता खोल बास काढणारा मोठा स्पीकर बसवायचा. गाडी आमची अकरा वर्षांची हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली, एसी चालतो पण मनापासून नाही. बायको म्हणाली, घरातला मिक्सर घरघर करतोय तो आधी बदला. मी म्हटलं अगं मिक्सरची घरघर फुकटची, ही विकत घ्यावी लागते. त्यावर ती जे काही बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सांगलीत विश्रामबागेतल्या एका दुकानात फिटिंगचे अडीच हजार सांगितले. माझा मेव्हणा शेजारीच उभा होता, तो कानात कुजबुजला, "दाजी, अडीच हजार कशाला, चार तर वायरी आहेत." हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही. चार वायरी! बॅटरीची प्लस, बॉडीची अर्थ म्हणजे अर्थिंग, स्टिरिओकडून येणारी चालू-बंदची रिमोट आणि आवाजाची आरसीए. मोजायला गेलं तर खरंच चारच. तसं बघितलं तर संसारातही दोनच माणसं असतात.

अँपच्या, म्हणजे सबवूफरला ताकद देणाऱ्या अँप्लिफायरच्या खोक्यावर बोटभर जाडीच्या अक्षरात ३००० वॅट लिहिलेलं. मी ते खोकं आठवडाभर हॉलमध्ये असं ठेवलं की येणाऱ्याला आकडा दिसावा. मग एकदा अँपच्या बुडाशी बघितलं तर फ्यूज फक्त ३० अँपिअरचा. आता ३० अँपिअर गुणिले गाडी चालू असतानाचे साधारण १४ व्होल्ट, झाले ४२०. क्लास डी अँप त्यातले पंचाहत्तर ते ऐंशी टक्के स्पीकरला देणार, बाकीच्यावर तो स्वतः तापणार. म्हणजे सव्वातीनशेच्या फारसं वर काही जात नाही, आणि मॅन्युअलमध्ये सगळ्यात शेवटी मुंगीएवढ्या अक्षरात आरएमएस, म्हणजे सलग निघणारे खरे वॅट, ३०० लिहिलेलंच होतं. मी खोकं उलटं करून ठेवलं. ४२० हा आकडा आला तेव्हाच काय ते ओळखायला पाहिजे होतं.

रविवारी सकाळी नऊला काम सुरू केलं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढून रिटायर झालेले, अंगणात खुर्ची टाकून पेपर घेऊन बसले. ते पेपर वाचत नव्हते हे पेपर उलटा नसतानाही कळत होतं. पहिल्यांदा बॅटरीचं मायनस काढ, एवढं म्हणाले आणि गप्प. ते आम्ही ऐकलं. त्यांचं तेवढंच ऐकलं हे नंतर महागात पडलं.

प्लसची वायर चांगली करंगळीएवढी जाड. ती बॅटरीपासून इंजिनच्या मागच्या पत्र्यातून आत आणून थेट डिकीपर्यंत न्यायची. मेव्हण्याचं म्हणणं फ्यूज डिकीत लावू, काचेतून लाल दिसतो भारी. अण्णांनी पेपर खाली घेतला. फ्यूज बॅटरीपासून दोन वितींच्या आत पाहिजे, कारण तो अँपला वाचवायला नसतोच, वायरीला वाचवायला असतो, मधे कुठं पत्र्यानं वायर कापली आणि बॉडीला टेकली तर फ्यूज डिकीत असून काय उपयोग, तिथपर्यंत गाडीची होळी झालेली असणार. मेव्हणा म्हणाला, "बरोबर आहे अण्णा, मी तेच म्हणत होतो."

पत्र्यात रबरी बूच असतं, त्यातून वायर ढकलायची. ढकलली की ती आत कुठं जाते हे फक्त तिला ठाऊक. मोडक्या छत्रीची काडी घेतली, वायरीला भांड्यांचं लिक्विड फासलं, मी बॉनेटमधून ढकलतोय आणि मेव्हणा क्लचच्या पेडलखाली डोकं घालून पाय दाराबाहेर काढून "आली, आली... गेली" असं ओरडतोय. शेजारच्या काकू फाटकाशी थांबल्या, ते दोन पाय बघितले आणि अण्णांना विचारलं, "कोण गेलं?"

दाराखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढून वायर कार्पेटखाली घालायची. पट्टीला सहा क्लिप, त्यातल्या चार कट् कट् करून तुटल्या, दोन आपोआप उडाल्या. कार्पेटखाली पाच रुपयांचं नाणं, पोरीची पेन्सिल आणि भडंग. भडंग एवढं की आधीचा मालक आपल्या सांगलीचाच होता याबद्दल कागदपत्रांची गरजच नव्हती. आणि आरसीए दुसऱ्या बाजूनं न्यायची, पॉवरच्या वायरीला चिकटून नेली तर ॲक्सिलरेटर दिला की स्पीकरमधून डास गुणगुणल्यासारखा आवाज येऊ शकतो म्हणे. म्हणजे दुसऱ्या बाजूच्या पण पट्ट्या. म्हणजे दुसऱ्या बाजूच्या पण सहा क्लिप.

दुपारी दीडला सगळं जोडून झालं. मायनस लावलं, चावी फिरवली, आणि अँपवर लाल दिवा. प्रोटेक्ट. मेव्हणा म्हणाला प्रोटेक्ट म्हणजे चांगलंच ना, सुरक्षित आहे. अण्णा म्हणाले, "आरं, अर्थ बघ." आम्ही स्पीकरच्या वायरी काढून परत लावल्या. अण्णा म्हणाले, "अर्थ बघ की." आम्ही फ्यूज काढून उन्हात धरून बघितला. मग यूट्यूबवर एका पंजाबी माणसाचा बावीस मिनिटांचा व्हिडिओ बघितला, त्यात पहिली सहा मिनिटं तो स्वतःची गाडी दाखवतो. जेवण झालं. बायकोनं पोळी वाढता वाढता विचारलं, "वाजतंय का?" एवढ्या गोड आवाजात तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच काहीतरी विचारलं असेल.

साडेतीनला अण्णा उठले, मीटर घेतला, बॅटरीवर टेकवला, साडेबारा. अँपच्या टर्मिनलवर टेकवला, नऊच्या आसपास घुटमळतोय. बोलले काहीच नाहीत. डिकीतला जो बोल्ट मी अर्थसाठी निवडला होता तो काढला. बोल्टखाली पत्र्यावर कंपनीचा रंग, चकचकीत, एक चरा नाही. मी स्वतःला मनात शाबासकी दिली होती की बघा रंगाला धक्का न लावता काम केलं. आता रंगातून करंट कसा जाणार? अण्णांनी पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा घासून पत्रा चांदीसारखा पांढरा केला, थिंबल आवळलं, वायरीची जास्तीची लांबी कापून टाकली. दिवा हिरवा. अण्णा परत खुर्चीत. आम्हाला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता वाजायला काय हरकत होती? पण नाही. मोबाईलवरनं गाणं लावलं की अँप बंद. रेडिओ लावला की चालू. परत गाणं, बंद. परत रेडिओ, चालू. आमच्या त्या ३०० वॅटवाल्या बारा इंची सबवूफरनं जगात आल्यावर उच्चारलेले पहिले शब्द म्हणजे बाजारभाव. तेही साधे नाहीत, अँपवरचा फिल्टरचा नॉब, किती हर्ट्झच्या खालचा आवाज सबला द्यायचा ते ठरवणारा, शेवटाला, दीडशेला होता, त्यामुळं निवेदक विहिरीत बसून बोलतोय असं वाटत होतं. हळद, गूळ, बेदाणा. हळदीचा भाव इतक्या खोल आवाजात ऐकला की यमानं क्विंटलचा हिशोब मागितल्यासारखं वाटतं. नॉब ऐंशीला आणला तेव्हा निवेदक विहिरीतून वर आला.

कारण शोधायला अर्धा तास. स्टिरिओच्या मागे निळ्या वायरी दोन, एक नुसती निळी, एक निळी-पांढरी. नुसती निळी अँटेनासाठी, ती बऱ्याच स्टिरिओत रेडिओ लावला तरच जिवंत होते. अँपच्या रिमोटला पाहिजे निळी-पांढरी. मेव्हण्यानं निळी लावली होती, कारण ती जास्त निळी होती.

मग गेन. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे हे सगळे सांगतात आणि सगळेच तो व्हॉल्यूमसारखा फिरवतात. स्टिरिओकडून जेवढा सिग्नल येतो त्याच्याशी अँपचं माप जुळवायचं असतं, त्यापुढं नॉब नेला की लाटेची डोकी सपाट कापली जातात, त्याला क्लिपिंग म्हणतात, आणि त्यात सबची कॉइल जळू शकते. आपल्याला सांगलीत पातळी कळते हो. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, पोरासोरांना पाठ असतं, पावसाळ्यात पाव्हण्यांचा फोन आला तर तब्येतीच्या आधी फूट विचारतात. या नॉबवर मात्र नुसतं मिन आणि मॅक्स. मग मीटर एसीवर टाकला, सबची वायर काढली, बास बूस्ट शून्यावर, स्टिरिओ पाऊण व्हॉल्यूमला, आणि ५० हर्ट्झचा सलग टोन लावला. हिशोब असा की वॅट गुणिले ओहम आणि त्याचं वर्गमूळ. आमचे ३०० वॅट, सबच्या दोन्ही कॉइल पॅरलल जोडून २ ओहम, सहाशेचं वर्गमूळ साडेचोवीस. मीटरवर साडेचोवीस व्होल्ट दिसले की हात काढायचा. नॉब अर्ध्याच्याही आत राहिला. मेव्हण्याचा चेहरा बघवत नव्हता. "दाजी, एवढा नॉब शिल्लक आहे की अजून." त्याला म्हटलं नदीला पण अजून वर जागा असते.

एवढं करून वाजवलं, तर ड्रायव्हरच्या सीटवर बास गायब. गाडीबाहेर उभं राहिलं तर काकूंच्या खिडकीची काच थरथरतीय आणि आत बसलं तर काहीच नाही. म्हणजे खर्च माझा आणि ऐकणार काकू. त्यात मागून कुठून तरी एक झर्रर्र आवाज.

संध्याकाळी बायकोचे मामा आले मिरजेहून. मामांनी सतारमेकर गल्लीत चाळीस वर्षं तंबोऱ्याच्या जवाऱ्या काढल्यात, घोडीवर सुताचा दोरा केसभर सरकवून आवाज उघडणारा माणूस. चहा पिता पिता डिकी बघितली, सबच्या लाकडी खोक्यावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं आणि विचारलं, "जावईबापू, याचा भोपळा कुठाय?"

म्हटलं मामा, तंबोऱ्याचा आवाज भोपळ्यात घुमतो तसा याचा या खोक्यात, हे खोकं म्हणजेच भोपळा. "असं होय," म्हणाले, आणि पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले. गाणं लावलं. अर्ध्या मिनिटात डोळे न उघडता हात वर केला. "हा मागचा आणि हे दारातले, दोघं भांडतायत. एक येतो तेव्हा दुसरा जातो." मी अँपपाशी पळालो, फेज नावाचं एक बारकं बटण होतं, शून्य आणि एकशेऐंशी, सकाळपासून त्याच्याकडे कोणी बघितलंही नव्हतं. दारातले स्पीकर हवा पुढं ढकलत असताना सब ती मागं ओढत होता, माझ्या सीटपाशी दोघांची बेरीज शून्य. बटण सरकवलं आणि पाठीत कोणीतरी गादी मारल्यासारखा बास आला. मेव्हणा नाचला. अंगणात, एकटाच.

"आणि जवारी छान लागलीय," मामा म्हणाले, "पण सुरात नाही." ती झर्रर्र. मी म्हटलं स्पीकरच फाटला असणार, अजून किती दिवस रिटर्न घेतात ते बघायला मोबाईल काढला. मामा गाडीच्या मागं गेले, कान पत्र्याजवळ नेऊन सावकाश फिरले, एका ठिकाणी तळहात टेकवला, आवाज बंद. हात काढला, चालू. नंबरप्लेट! दोन स्क्रूवर सैल लटकत होती आणि प्रत्येक ठोक्याला डिकीच्या पत्र्यावर आपटत होती. अण्णा आतून सायकलची जुनी ट्यूब घेऊन आले, मामांनी कात्रीनं रुपयाएवढे दोन गोल कापले, मधे भोक पाडून प्लेटच्या मागं घातले, स्क्रू आवळले. दोन म्हाताऱ्यांनी सहा मिनिटांत, एकमेकांशी एक अक्षर न बोलता.

मग मामा म्हणाले जरा माझा मोबाईल जोड. त्यांच्या मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप निघालं. या ॲपनं आमच्या पोटावर पाय आणला असं दर लग्नात सांगणारा हा माणूस. काळी एक पट्टी लावली. षड्जाच्या तारा दारातून वाजत होत्या, आणि खर्जाची तार, ती काळी एकला ६९ हर्ट्झच्या आसपास पडते, म्हणजे आमच्या ऐंशीच्या फिल्टरच्या खाली, ती मागून आली. मोठा आवाज नव्हताच. सीटमधून वर चढत आली नुसती. मामा बराच वेळ तसेच बसले, मेव्हणा पण गप्प, फाटकाशी काकू उभ्या होत्या त्याही भांडायला आल्या होत्या हे विसरल्या.

"भोपळा आहे," मामा म्हणाले.

मागच्या सीटवरून अण्णांनी विचारलं, "आता ते बाजारभाव लागतात का बघ. दुपारचे नीट ऐकू आले नाहीत."