“कार्ड बंद केलं की ऑटोपे आपोआप बंद होतं” म्हणे. नाही होत हो

आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय, सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, काल भावकीच्या ग्रुपवर काकांनी पण टाकला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भरा, कात्रीने कार्डाचे चार तुकडे करा, बँकेला बंद करायला सांगा, की त्यावरची सगळी ऑटो पेमेंट्स आपोआप बंद होतात, आणि आता ओटीपीशिवाय काही कटतच नाही त्यामुळे घाबरायचं कारण नाही, आणि बँकेने टाळाटाळ केली तर आरबीआयच्या नियमाने रोजचे ५०० रुपये तुम्हालाच. खाली हात जोडलेले. यातली ५०० ची गोष्ट निम्मी खरी आहे, म्हणूनच बाकीचं पण लोक डोळे मिटून खरं मानतायत. मी गेल्या दोन वर्षांत दोन कार्डं बंद केली, पहिलं सुतासारखं सरळ झालं आणि दुसऱ्याने पार वात आणला, त्यामुळे एकेक मुद्दा घेतोच.

“बिल भरलं म्हणजे बाकी शून्य.” दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्याचं बहुतेक वेळा शून्यच असतं. पण कार्ड बंद करायला निघालेले बरेच जण म्हणजे वर्षभर मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कमच भरत आलेले आणि बोनस मिळाल्यावर एकदाचं सगळं फेडून टाकलेले. त्यांचं व्याज तुम्ही पैसे भरता त्या दिवसापर्यंत चालू असतं आणि स्टेटमेंटला फक्त त्याच्या तारखेपर्यंतचं माहीत असतं. समजा ४०,००० बाकी आहे, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, स्टेटमेंट ५ तारखेला आलं आणि तुम्ही २० तारखेला भरलं. दिवसाचे साधारण ४६ रुपये, पंधरा दिवसांचे ६९०, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८१५ च्या आसपास रक्कम पुढच्या स्टेटमेंटमध्ये गुपचूप येऊन बसते. तुम्ही तोवर ॲप पण काढून टाकलेलं असतं. आणि कार्डावर मोबाईलचा किंवा फ्रिजचा ईएमआय चालू असेल तर उरलेले सगळे हप्ते भरल्याशिवाय कार्ड बंदच होत नाही, ते वेगळंच.

“कार्ड कापलं की विषय संपला.” कापा की, समाधान मिळतं. पण ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदार किंवा ॲप तुमचा कार्ड नंबर स्वतःकडे ठेवूच शकत नाही, त्याच्याकडे असतो टोकन, म्हणजे कार्ड नंबराऐवजी दिलेला सांकेतिक आकडा. त्या टोकनला तुमच्या कात्रीचं काय पडलंय.

“ओटीपीशिवाय आता काही कटत नाही.” हे कुठून आलं ते कळतं. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या ऑटो डेबिटचे नियम कडक झाले तेव्हा कित्येकांची सबस्क्रिप्शनं अडकली होती आणि तेव्हापासून डोक्यात बसलंय की प्रत्येक वेळी ओटीपी लागतो. ओटीपी लागतो तो मँडेट लावताना, म्हणजे दर वेळी पैसे कापायची परवानगी एकदाच देताना. नंतर दर वेळी १५,००० पर्यंतची रक्कम विनाओटीपी जाते (आधी ही मर्यादा ५,००० होती, जून २०२२ मध्ये वाढवली), आणि विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंड, क्रेडिट कार्डाचं बिल यांना तर डिसेंबर २०२३ पासून एक लाखापर्यंत सूट आहे. बँकेने फक्त किमान २४ तास आधी मेसेज द्यायचा, आणि त्यातून तुम्हाला नको म्हणता आलं पाहिजे. तो मेसेज आपण वाचतो का? मी तर नाही वाचत, खरं सांगतो. त्यात फास्टॅगच्या ऑटो रिचार्जला ऑगस्ट २०२४ पासून त्या २४ तासांच्या मेसेजमधूनही वगळलंय, म्हणजे एक्स्प्रेसवेला लागलात, बॅलन्स खाली गेला, की थेट कार्डावर.

आता मुख्य मुद्दा, “कार्ड बंद झालं की मँडेट पण बंद.” इथे लोक दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करतात. एक, कार्डावरून बाहेर जाणारे पैसे, म्हणजे ओटीटी, वीजबिल, ब्रॉडबँड, विमा, फास्टॅग. दुसरी, बँक खात्यातून कार्डाचं बिल भरायला जाणारे पैसे, म्हणजे नॅच मँडेट (खात्यातून परस्पर पैसे कापायला बँकेला दिलेली परवानगी) किंवा ऑटो डेबिट. दोन्हीला आपण ऑटोपेच म्हणतो म्हणून घोळ होतो.

पहिल्या प्रकारात कार्ड खरंच बंद झाल्यावर पैसे कटायचे थांबतात, हे कबूल. पण थांबतात म्हणजे फेल होतात, समोरच्याच्या दप्तरी तुमचा करार चालूच राहतो. ओटीटीचं ठीक आहे, पडदा काळा होईल इतकंच. पोस्टपेड ब्रॉडबँड मात्र बिल लावतच राहतो आणि मग वसुलीवाल्यांचे फोन सुरू होतात.

आणि विम्याचं तर फारच वाईट. माझ्या नाशिकच्या मेव्हण्याने कार्ड बंद केलं तेव्हा त्याच्या हेल्थ पॉलिसीचा मासिक हप्ता त्याच कार्डावर होता, हे तो साफ विसरला होता. हप्ता फेल झाल्याचा मेल आला होता, पण प्रमोशन्सच्या टॅबमध्ये, साड्यांच्या सेलच्या दोन मेलच्या मध्ये. अकराव्या दिवशी एजंटचा फोन आला म्हणून कळलं. मासिक हप्त्याला ग्रेस पिरियड १५ दिवसांचाच असतो (वार्षिक वगैरेला ३०), म्हणजे चार दिवस हातात होते. शुगर आहे त्याला, पॉलिसी खंडित झाली असती तर आधीच्या आजारांचा वेटिंग पिरियड (ज्या काळात त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो) परत पहिल्यापासून मोजायची पाळी आली असती. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर त्याचा फोन घेऊन बसलो आणि म्हटलं आता तुझी बाकीची कार्डं पण बघू, तर एकावर सात मँडेट निघाले, त्यातले तीन त्याला ओळखूच येईनात, एक तर मुलाच्या कुठल्याशा अभ्यासाच्या ॲपचं होतं आणि मुलगा आता नोकरीला आहे!

ही यादी सापडते बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन किंवा ई-मँडेट नावाच्या पानावर, बऱ्याच बँका तिथून एसआय हब नावाच्या मँडेटच्या वेबसाइटवर नेतात. कधीही मँडेट रद्द करायची ऑनलाइन सोय देणं बँकेला बंधनकारक आहे. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं असेल तर मात्र ऑटोपेची यादी यूपीआय ॲपमध्ये पण बघा, मी हे विसरलो होतो. आणि मँडेट रद्द केलं म्हणजे सबस्क्रिप्शन रद्द झालं असं नाही, ते त्या त्या कंपनीकडे जाऊन वेगळं करायचं, किंवा दुसरं कार्ड लावायचं आणि एक हप्ता त्यावरून गेलेला डोळ्यांनी बघायचा, मगच जुन्याला हात लावायचा.

“रोजचे ५०० मिळतात.” नियम आहे, एप्रिल २०२२ च्या आरबीआयच्या निर्देशात आला. विनंती केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं, नाही केलं तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० ग्राहकाला. पण अट आहे, खात्यावर बाकी नको. माझ्या दुसऱ्या कार्डाची गंमत इथेच झाली. विनंती टाकली, आणि तिसऱ्या दिवशी क्लाउड स्टोरेजचे १३० रुपये पडले. आदल्या दिवशीचा मेसेज आला होता, वाचून सोडून दिला होता, चूक माझीच. नवव्या दिवशी मोठ्या ऐटीत ५०० चा नियम सांगायला फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणते, सर तुमच्या कार्डावर आउटस्टँडिंग दिसतंय, ते भरून परत रिक्वेस्ट टाका. संपला माझा नियम, १३० रुपड्यांत. सात दिवस परत पहिल्यापासून.

फॉरवर्डमध्ये नसलेली पण खाली कमेंटमध्ये कुणीतरी जोडलेली एक गोष्ट, “वर्षभर वापरू नका, बँक स्वतःच बंद करते.” एक वर्षाहून जास्त वापर नसेल तर बँकेने कळवून, ३० दिवस उत्तराची वाट बघून बंद करायचं, हे बरोबर. पण दर महिन्याला त्यावर १३० रुपये पडत असतील तर ते वापरात नसलेलं कार्ड कसं होईल?

राहिलं दुसऱ्या दिशेचं, खात्यातून कार्डाकडे जाणारं. काही शहाणे म्हणतात हे सगळ्यात आधी रद्द करा. नको! ते वर सांगितलेले ८१५ पुढच्या स्टेटमेंटला येतात, ऑटो डेबिट काढलेलं, तुमचं लक्ष नाही, आणि ड्यू डेट उलटून तीन दिवसांच्या वर गेले की लेट फी पण लागू शकते आणि सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला, पण थकबाकी जाऊ शकते. पूर्ण रकमेचं मँडेट असेल तर बाकी शून्य असताना तसंही काही कटत नाही, राहू द्या महिनाभर. कार्ड बंद झाल्याचं मेल किंवा एसएमएसने लगेच कळवणं बँकेचं काम आहे, ते हातात आलं, पीडीएफ सेव्ह केली, की मग नॅच काढा. कुठल्या तिसऱ्याच ॲपमध्ये बिल भरायचं ऑटोपे लावलं असेल तर ते तिथे जाऊन वेगळं काढायला लागतं, कार्डवाल्या बँकेला त्याचा पत्ताही नसतो. जास्तीचे पैसे किंवा एखाद्या ऑर्डरचा रिफंड कार्डात पडून असेल तर तो तुमच्या खात्यात पाठवणं त्यांच्यावर आहे, मागून घ्या.

बंद झाल्यावर ३० दिवसांत त्यांनी सिबिलकडे कळवायचं असतं, म्हणून दीड-दोन महिन्यांनी रिपोर्ट काढून तिथे क्लोज्ड दिसतंय का बघा. नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर आरबीआयच्या लोकपालाकडे, फोन १४४४८. काकांना हे सगळं ग्रुपवर लिहिलं तर त्यांनी अंगठा दाखवला, आणि दहा मिनिटांनी तोच फॉरवर्ड आमच्या दुसऱ्या ग्रुपवर.