लिगामेंटच्या ऑपरेशननंतर गुडघा झिजत नाही? खुलासा

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर पळायला येणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘एसीएलचं ऑपरेशन झालं की झीज कायमची टळते, सहा महिन्यांत खुशाल कबड्डी खेळा.’ हे खरं नाही. एसीएल म्हणजे गुडघ्यातली हाडं जोडून ठेवणारं एक लिगामेंट, म्हणजे बंध. ऑपरेशनमुळे गुडघा स्थिर होतो. पण लिगामेंट तुटताना कूर्चेला (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) आणि हाडांमधल्या गादीला बसलेला मार त्यानं पुसला जात नाही. म्हणून विशीत लिगामेंट तुटलेल्यांना पस्तिशी-चाळिशीतच झिजेचा संधिवात गाठू शकतो. आपल्या हातात आहे ती मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद. ती दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के भरू द्या आणि मैदानात उतरायला किमान ९ महिने थांबा. घाईत गुडघा पुन्हा दुखावला, तर झिजेचा धोका आणखी वाढतो. वजनही आटोक्यात हवं. टाके निघाले की फिजिओथेरपी सोडणारी पोरं पाहून जीव तुटतो. अंजनेरीचा डोंगर चढण्याआधी फिजिओथेरपी पूर्ण करा.