खुलासा : ‘डबल कंडोम, डबल सेफ्टी’ हा सल्ला चुकीचा
पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय : एकावर एक दोन कंडोम चढवा, खोबरेल तेल लावा, मग एचआयव्हीची भीती नाही. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

दोन कंडोम एकमेकांवर घासले की फाटतात किंवा सटकतात. तेल, व्हॅसलीन, बॉडी लोशन कंडोमच्या लॅटेक्सला (रबराला) मिनिटभरात कमजोर करतं, आणि वरून काहीच दिसत नाही. गुदमार्गात स्वतःचा ओलावा नसतो, म्हणून पाण्याचं किंवा सिलिकॉनचं जेल हवं, तेही सढळ हाताने. थुंकी लगेच सुकते. चढवताना टोक चिमटून हवा काढा. बाहेर येताना कंडोम बुडाशी धरा.

फाटलाच तर 72 तासांच्या आत पीईपी (संबंधानंतर एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी घ्यायच्या) गोळ्या सुरू करा, जितक्या लवकर तितकं बरं, आणि 28 दिवस पूर्ण करा. चौकशीसाठी एड्स हेल्पलाइन 1097.

मित्राने पाठवलं म्हणून लोक विश्वास ठेवतात, यात नवल नाही. 1991मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात गे बारमधल्या बारटेंडरांनी लोकप्रिय माणसं निवडून दिली. या निवडलेल्या माणसांनी गप्पांच्या ओघात कंडोमचा विषय काढला आणि असुरक्षित संबंध घटले. तेव्हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाका.