“आमच्या आजीला कुठं होतं ओसीडी?” या फॉरवर्डला उत्तर

फॅमिली ग्रुपवर हा मेसेज महिन्यात तिसऱ्यांदा आलाय. सारांश असा की ओसीडी (नको तो विचार सारखा येणं आणि तो शमवायला तेच तेच परत करत राहणं, हा मानसिक आजार) हे पाश्चात्त्यांचं फॅड, आपल्या आज्या कडक सोवळं पाळायच्या त्यांना कुणी पेशंट म्हटलं नाही, आणि झालाच तर हा घर पुसत बसणाऱ्या बायकांचा आजार, नामस्मरण करा, जाईल. खाली काकालोकांचे हात जोडलेले. दोनदा गप्प बसलो, आता लिहितोच.

फॅड म्हणताय तर मराठीत त्याच्यासाठी मंत्रचळ हा शब्द कुठून आला? बंगालीत शुचिबाय म्हणतात, म्हणजे शुद्धतेचं वेड, त्यावर कोलकात्याच्या मनोविकारतज्ज्ञ अजिता चक्रवर्तींचा १९७५ चा पेपर आहे. निम्हान्सने (बंगळुरूची मानसिक आरोग्याची सरकारी संस्था) २०१५-१६ ला १२ राज्यांत सर्व्हे केला (महाराष्ट्र नव्हता त्यात, असो), तर हजारी सात-आठ मोठ्या माणसांना ओसीडी निघाला. हे सगळे काय लंडनहून आले होते?

आता सोवळं. आजी धाबळी नेसायची, स्वयंपाक, नैवेद्य, पंगत उठली की धाबळी परत दांडीवर, संपला विषय. माझ्या आत्याचं संपायचंच नाही. हात धुतले की नळ बंद करायचा, नळाला हात लागला म्हणून पुन्हा हात, मग पुन्हा नळ, शेवटी मामांनी बाहेरून “नाही गं लागला” असं चार वेळा म्हणायचं तेव्हा ती मोरीतून बाहेर यायची, आणि तोपर्यंत टाकी रिकामी. तिला स्वतःलाही ते नको असायचं, रडायची. पण गावभर कौतुक काय, तर माई फार सोवळ्याची! म्हणजे सोवळ्यामुळे आजार झाला असं नाही म्हणत मी, पण आजाराने सोवळ्याचे कपडे घातले आणि मग तो कुणाला दिसेना. हे आपल्याकडेच होतं असंही नाही. कैरोत मनोविकारतज्ज्ञ अहमद ओकाशांनी १९९४ ला ९० पेशंट अभ्यासले तर तिथे धर्माच्या आणि अस्वच्छतेच्या शंका सगळ्यात जास्त, वजू (नमाजाआधीचं हातपाय धुणं) नीट झाली का, नमाज चुकली का. ख्रिश्चनांत तेच कन्फेशनचं, इग्नेशियस लोयोला हा त्यांचा संत सोळाव्या शतकात तीच तीच पापं परत परत कबूल करत बसायचा. प्रत्येकाची मोरी वेगळी, एवढंच.

बायकांचा आजार? मोठ्या वयात बायकांचं प्रमाण थोडं जास्त दिसतं, पण लहानपणी सुरू होणाऱ्यांत मुलगे जास्त, आणि भारतातल्या बऱ्याच हॉस्पिटलांच्या अभ्यासांत पुरुष पेशंटच जास्त. मला वाटतं याचं कारण सरळ आहे, पुरुषाचं ऑफिस बुडलं की घर हलतं, बाईचे चार तास मोरीत गेले तर ते घरकामात धरतात. फरक आहे तो लक्षणांत. धुण्यापुसण्याचं बायकांत जास्त आढळतं, नको ते लैंगिक किंवा देवाधर्माबद्दलचे विचार पुरुषांत, अर्थात उलटही असतं. बाळंतपणानंतरही हे उफाळतं, आपल्याच हातून बाळाला काही होईल असे विचार येतात आणि ती बिचारी कुणाला सांगत नाही, सांगितलं तर बाळ काढून घेतील या भीतीने.

राहिलं नामस्मरण. इथे मीच उदाहरण, पुरुष असून. कॉलेजात असताना देवापुढे हात जोडले की डोक्यात घाणेरडी शिवी यायची. उतारा म्हणून १०८ चा जप, मध्ये शिवी आली की जप बाटला, पुन्हा एकपासून. पहाटे चारला उठायचो. घरचे म्हणायचे पोरगा किती भाविक. मग डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फ्लुओक्सेटिन, आणि थेरपिस्टबाईंनी जे सांगितलं ते ऐकून मी हादरलोच. म्हणाल्या, शिवी येऊ दे, मोजणी सुटू दे, माळ मध्येच खाली ठेव आणि चहा प्यायला जा, परत सुरुवात करायची नाही. पहिल्या दिवशी ५७ व्या मण्याला ठेवली. चहाची चव आठवत नाही, हात इतके कापत होते.