नावं ठेवणारा

रविवारी सकाळी माझ्या कॉम्प्युटरवर एक अटक झाली. मी समोर बसलेला असताना, मला न विचारता. उजव्या कोपऱ्यात लाल चौकट उगवली, ‘धोका आढळला. कारवाई करण्यात आली.’ खाली बटण एकच, ‘ठीक आहे’. म्हणजे पंचनामा आधीच लिहून तयार, पंच म्हणून माझी नुसती सही हवी होती.

आरोपी म्हणजे फायलींची नावं बदलणारा एक चिमुकला प्रोग्रॅम. गेली ११ वर्षं माझ्याकडे आहे. आकार ४०० केबीसुद्धा नाही. कधी जाहिरात दाखवली नाही, कधी ‘आम्हाला पाच तारे द्या’ म्हणून पदर पसरला नाही. हजार फायली पुढ्यात टाकल्या की ‘स्कॅन-०००१’चं ‘आजोळ-१९७८-०००१’ करायचं आणि गप्प बसायचं. नावं ठेवणं हा त्याचा धंदा, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताईला १४०० जुने फोटो नीट नावं देऊन पाठवायचे होते, आणि नावं ठेवणाराच आत गेला होता.

आता अकरा वर्षांची ओळख, पण लाल रंगाचं वजन काही वेगळंच. मनात पाल चुकचुकलीच. परवा प्रिंटर मध्येच अडला, तो ह्याचा तर प्रताप नसेल? गेल्या वर्षी कॉम्प्युटर रडतखडत चालायचा, तेव्हा हा आतून काय करत होता? दहा मिनिटांत मी त्याच्यावर इतके गुन्हे लावले की अँटीव्हायरसलाही सुचले नसते. शेवटी ताईच्याच मुलाला फोन केला.

“मामा, फॉल्स पॉझिटिव्ह आहे तो,” तो जांभई देत म्हणाला.

“पॉझिटिव्ह आहे ना पण?”

“फॉल्स, मामा!”

मग त्याने समजावलं. फॉल्स पॉझिटिव्ह म्हणजे निरपराधालाच चोर समजून धरणं. अँटीव्हायरस व्हायरसला जातीने ओळखत नाही. त्याच्याकडे खाणाखुणांची यादी असते आणि त्यापलीकडे असतो अंदाज. ह्या प्रोग्रॅमने सेकंदात शेकडो फायलींना हात लावला. खंडणी मागणारे व्हायरसही हेच करतात. शिवाय आकार लहान व्हावा म्हणून तो दाबून बांधलेला. अंगावरचं ओळखू येऊ नये म्हणून व्हायरसही असेच गाठोड्यात बसून येतात. त्यावर कुणाची डिजिटल सही, म्हणजे बनवणाऱ्याची ओळख पटवणारा शिक्का, नाही. आणि सगळ्यात मोठा गुन्हा, तो जगात फार थोड्या लोकांकडे आहे.

“म्हणजे ह्याला फारसं कुणी ओळखत नाही, म्हणून हा चोर?”

“साधारण तसंच.”

मी गप्प झालो. मला तरी कितीसे लोक ओळखतात?

“पण काल तर चालत होता रे. अकरा वर्षांत त्याचं एक अक्षर बदललेलं नाही.”

“तो नाही बदलला. रात्री अँटीव्हायरसची यादी बदलली.”

मीच कधीतरी दिलेली त्याची एक प्रत भाच्याकडे होती. ती त्याच्या कॉम्प्युटरवर बिनघोर नांदत होती, कारण त्याचा पहारेकरी वेगळ्या कंपनीचा. त्याने ती व्हायरसटोटलवर चढवली. तिथे सत्तरेक अँटीव्हायरस एकाच फायलीवर आपापलं मत देतात. बाकीचे गप्प, चौघांचा आक्षेप. पण चौघांनी चार नावं ठेवलेली. एक म्हणाला ट्रोजन, म्हणजे साळसूद वेशात घरात शिरणारा. दुसरा म्हणाला संशयास्पद. तिसऱ्याने नुसतं ‘जेनेरिक’ म्हणून हात झटकले, म्हणजे काहीतरी आहे, काय ते विचारू नका. चौथ्याने लिहिलं, ‘नको असलेला प्रोग्रॅम असू शकतो’. कुणाला नको? मला हवा आहे की! त्यात भाच्याने सांगितलं की बऱ्याच कंपन्या एकमेकींचंच इंजिन उसनं घेऊन वापरतात, तेव्हा चार साक्षीदार म्हणजे चार डोकी असतीलच असं नाही, एकाच डोक्यावरच्या चार टोप्याही असतील.

खरी गंमत सुटकेच्या वेळी झाली. विलगीकरण कक्षात जाऊन ‘मुक्त करा’ दाबलं. प्रोग्रॅम बाहेर आला आणि फोल्डरमध्ये पाऊल टाकतो न टाकतो तोच परत लाल चौकट. पुन्हा मुक्त केलं, पुन्हा अटक. भाचा म्हणत होता, आधी हॅश काढ, म्हणजे फायलीच्या बोटांचा ठसा. तो मूळ लेखकाच्या पानावर दिलेल्या ठशाशी जुळला, तर फायलीत कुणी काही कालवलेलं नाही असं समजायचं. पण ठसा घ्यायला फाईल मोकळी हवी, आणि मोकळी होताच ती पकडली जात होती! असं पाच वेळा झालं. शेवटी सेटिंग्जच्या आठव्या की नवव्या दालनात ‘अपवाद’ नावाची खिडकी सापडली. तिथे आधी त्या एका फोल्डरला अभय दिलं, मग फाईल सोडवली, न चालवता ठसा घेतला. चौसष्ट अक्षरं आणि आकडे, भाचा वाचतोय, मी चष्मा सावरत हुं हुं करतोय. जुळला.

“आता चालव.”

माझा हात माऊसवर तसाच अडला. अकरा वर्षं न बघता डबल-क्लिक करणारा मी, देवाचं नाव घेऊन क्लिक केलं. चार सेकंदांत १४०० नावं ठेवून तो नेहमीसारखा गप्प बसला. मला उगीचच ओशाळल्यासारखं झालं.

रात्री समाधानासाठी अशा चुकांचा इतिहास वाचत बसलो, आणि काय सांगू, जिवाला फार बरं वाटलं. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफी ह्या अँटीव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची ‘एसव्हीसीहोस्ट’ ही फाईल व्हायरस म्हणून धरली. ती म्हणजे विंडोजचा कणा. तिच्याविना जगभरातले कॉम्प्युटर बंद-चालू, बंद-चालू करत राहिले. ३० सप्टेंबर २०११ ला मायक्रोसॉफ्टच्या अँटीव्हायरसने गूगलच्या क्रोमला बँक खाती लुटणारा ट्रोजन ठरवलं आणि काहींच्या कॉम्प्युटरवरून काढूनही टाकलं. (ह्या दोन घराण्यांची भाऊबंदकी पाहता चूक म्हणताना जीभ जरा अडखळते, पण चूकच होती ती.) कडी केली ती सोफोस नावाच्या अँटीव्हायरसने. सप्टेंबर २०१२ मध्ये त्याने आपल्याच अपडेट आणणाऱ्या भागाला व्हायरस म्हणून पकडलं. चूक दुरुस्त करणारा अपडेट ज्याने आणायचा, काही ठिकाणी तोच गजाआड! तेव्हा माझा ४०० केबीचा जीव कुठल्या झाडाचा पाला?

कंपनीला चूक कळवायचा अर्ज भरला. त्यात एक रकाना होता, ‘ही फाईल सुरक्षित आहे असं आपल्याला का वाटतं?’ मी लिहिलं, ‘अकरा वर्षांची ओळख आहे.’ नंतर वाटलं, असं लिहिणाऱ्या माणसाचं जग ऐकत नाही. हॅशही जोडला. तीन दिवसांनी उत्तर आलं, ‘आक्षेप मागे घेण्यात आला आहे.’ दिलगिरीचा शब्द नाही.

महिनाअखेरीस स्क्रीनवर हिरवी चौकट आली. हिरवी! ‘या महिन्यात आम्ही ६ धोक्यांपासून तुमचं रक्षण केलं.’ पहिली अटक एक, आणि नंतरच्या पाच. सहाही वेळा तोच बिचारा.

बायको मागून वाकून वाचत होती. “सहा सहा धोके? बाप रे! आणि तुम्ही त्याला उगाच नावं ठेवत होतात.”