पाळत ठेवणारा कधी पोच देतो का?

गेल्या आठवड्यात माझ्या आत्याने सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला आणि नातवाच्या बारशाचे फोटोसुद्धा पुसून टाकले. कारण विचारल्यावर तिने फोन माझ्यापुढे धरला. ‘उद्यापासून नवे नियम’ लागू करणारा तोच जुना संदेश: सगळे कॉल रेकॉर्ड होतील, सगळे फोन मंत्रालयाच्या यंत्रणेला जोडले जातील, दोन निळ्या खुणांसोबत एक लाल दिसली तर सरकार कारवाई करू शकते आणि तिन्ही लाल झाल्या तर न्यायालयाचे समन्स निघाले असे समजावे. केंद्र सरकारच्याच पत्र सूचना कार्यालयाने हा संदेश खोटा असल्याचे २०२० मध्ये जाहीर केले होते. त्यातला ‘उद्या’ अजून उजाडलेला नाही.

लाल खुणेची कल्पना तर हास्यास्पद आहे. एक करडी खूण म्हणजे संदेश निघाला, दोन म्हणजे पोहोचला, दोन निळ्या म्हणजे वाचला गेला. यातल्या शेवटच्या दोन्ही खुणा म्हणजे समोरच्याच्या फोनकडून आलेली पोच असते. मग तिसरी खूण सरकारने पाठवलेली पोच मानायची काय? चोरून पत्र वाचणारा पाकिटावर सही करून जात नाही. शिवाय २०१६ पासून हे संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज वाटेत कुणालाही ते वाचता येत नाहीत, आणि संदेशाचा मूळ प्रेषक शोधून देण्याची जी अट केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी घातली, तिच्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेले. सगळे आधीच वाचता येत असते, तर सरकारला त्या अटीची गरजच काय होती? कॉल रेकॉर्डिंगच्या दाव्याचेही उत्तर यातच आले, कारण व्हॉट्सॲप कॉलनाही तेच एन्क्रिप्शन आहे.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. ग्रुपवर टाकलेल्या मजकुरावरून गुन्हे दाखल होतात. पण त्यासाठी लाल खूण लागत नाही, ग्रुपमधल्या एखाद्याने काढलेला स्क्रीनशॉट पुरतो. शिवाय बॅकअपचे, म्हणजे संदेशांच्या ऑनलाइन साठवलेल्या प्रतीचे, एन्क्रिप्शन आपले आपण सुरू करावे लागते.

माझा खरा राग या संदेशाने पेरलेल्या भीतीवर आहे. असा घाबरलेला माणूस, ‘तुमच्या खुणा लाल झाल्या आहेत, पडताळणीसाठी आलेला सहा अंकी कोड सांगा,’ असे म्हणणाऱ्या भामट्याला तो कोड सांगून बसतो. भामट्याने आपल्या फोनवर तुमचा नंबर टाकलेला असतो, म्हणून तो कोड तुम्हाला आलेला असतो. तो कळताच तुमचे खाते त्याच्या फोनवर उघडते, तुमच्याकडचे बंद होते आणि तुमच्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागणे सुरू होते. याबद्दल त्या लांबलचक संदेशात एक अक्षर नाही. लग्नपत्रिका किंवा ई-चलन म्हणून येणाऱ्या आणि फोनमध्ये घातक ॲप घुसवणाऱ्या एपीके फायलींबद्दलही नाही, आणि पैसे गेलेच तर ताबडतोब फिरवायच्या १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाचाही पत्ता नाही.

मी आत्याच्या फोनवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे त्या कोडखेरीज आपला एक पिनही मागणारी सोय, सुरू करून दिले. सहा अंकी पिन तिने स्वतः ठरवला आणि लगेच विचारले, “विसरायला नको म्हणून फ्रिजवर चिकटवून ठेवू का?”