‘जखम उघडी ठेवा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापुरात उन्हाळा लागला की हा मेसेज फिरू लागतो. यंदा आमच्या पूर्व भागातल्या तीन ग्रुपवर आला. सांगणं थोडक्यात असं : जखम उघडी ठेवा, हवा लागून खपली धरली की लवकर भरते, जेलच्या पट्टीत पाणी असतं, त्यानं जखम कुजते, घट्ट चिकटेल तीच पट्टी चांगली, आणि काढताना ती एका झटक्यात ओढा. मी पॉलिमर रसायनशास्त्र शिकवते. शिवाय त्या शेवटच्या सल्ल्याचा त्रास माझ्या आईनं भोगलाय, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी खपलीचं. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकांनी डुकरांच्या उथळ जखमांपैकी काही पॉलिथिनच्या पातळ कागदाखाली झाकल्या, काही उघड्या ठेवल्या. झाकलेल्यांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगानं आली. पुढच्याच वर्षी हिन्मन आणि मैबाख यांना माणसांच्या त्वचेवरही तसंच आढळलं. जखमेच्या कडेच्या पेशी सरकत सरकत ती झाकतात, आणि सरकायला त्यांना ओल लागते. वर कोरडी खपली असली की तिच्या खालून, खोलातून वाट काढावी लागते. त्यात आमच्या भागातल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यातल्या हवेत कापसाचे तंतू उडत असतात. तिथं जखम उघडी ठेवायला सांगणं मला धोक्याचं वाटतं.

आता पाणी. जेलच्या पट्टीतलं हायड्रोजेल म्हणजे पॉलिमरच्या, म्हणजे एकाला एक जोडलेल्या छोट्या रेणूंच्या, लांब साखळ्यांचं जाळं. वजनात बहुतेक वाटा पाण्याचाच, पण ते पाणी जाळ्यानं धरून ठेवलेलं असतं. कोरड्या जखमेला ते ओल देतं, थोडा स्राव शोषूनही घेतं. फार वाहणाऱ्या जखमेवर मात्र ही पट्टी चुकीचीच : कडेची कातडी पांढरी पडून फुगते. तिथं फोमची किंवा अल्जिनेटची (समुद्री शेवाळातून काढलेल्या, स्राव शोषणाऱ्या पदार्थाची) पट्टी लागते. मेसेजमध्ये एवढं तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. मधुमेह असलेल्याच्या पायाला जखम झाली असेल तर पट्टीचा विचार नंतर, आधी डॉक्टर.

‘घट्ट तीच चांगली’ याचा मला सगळ्यात राग येतो. नेहमीच्या चिकटपट्टीचा अ‍ॅक्रिलिक (चिकट पॉलिमरचा) थर कातडीच्या बारीक रेघांत हळूहळू उतरत जातो, म्हणून दुसऱ्या दिवशी ती पहिल्या दिवसापेक्षा जास्त धरून बसते. ओढली की वरच्या मृत पेशी सोबत येतात, आणि तो सबंध थर केसाहूनही पातळ असतो. म्हातारपणी वरची आणि आतली त्वचा एकमेकींत जिथं गुंतलेली असते तिथली वळणं सपाट होतात, पकड ढिली पडते. मग पेशी नव्हे, कातडीच निघून येते. आईच्या हाताला सलाईन लावलं होतं. काढताना कुणीतरी पट्टी झटक्यात ओढली आणि मनगटावरची रुपयाएवढी कातडी गेली. मूळ आजार आठवड्यात बरा झाला. ही जखम भरायला दीड महिना लागला.

म्हणून चिकटणाऱ्या हायड्रोजेलवर काम करणारे पट्टी धरेल कशी याइतकाच ती सुटेल कशी याचा विचार करतात. धरणंही सोपं नाही. कातडी ओली असली की पाण्याचा पापुद्रा मध्ये येतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात घाम कधी थांबतो? समुद्रातले काही शिंपले लाटांतही खडकाला धरून राहतात, ते त्यांच्या चिकट प्रथिनांतल्या कॅटेकॉल नावाच्या रासायनिक गटांच्या जोरावर. तेच गट जेलच्या साखळ्यांना जोडून पाहिले जातात. २०१७ साली हार्वर्डमधल्या संशोधकांनी बिनशंखाच्या गोगलगायीच्या चिकट स्रावावरून सुचलेलं, रक्त लागलेल्या ऊतीवरही टिकणारं हायड्रोजेल मांडलं. त्यात ऊतीला धरणारा थर वेगळा आणि ताण पोटात घेणारं जाळं वेगळं. दुसरीकडे गार केल्यावर किंवा ठरावीक द्रव लावल्यावर पकड सोडणारी जेलही तयार होत आहेत.

घरात साधीच पट्टी असेल तर कड कोमट पाण्यानं ओली करा. एका हातानं कातडी दाबून धरा आणि पट्टी वर न उचलता तिच्यावरच दुमडत, कातडीला लागून मागे न्या. आईची पट्टी मी अशीच काढते. दोन मिनिटं लागतात.